चिलखतांचा मानपान

माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीला मी लाकडाचं चिलखत घातलं, आणि मेहुण्याला सोन्याचं. दोन्ही गोष्टी मी भर दुपारी, पूर्ण शुद्धीत आणि अत्यंत चांगल्या हेतूनं केल्या, हे आधीच सांगून ठेवतो.

कुमुदच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, वर्षश्राद्धाचा दिवस होता. शेवटच्या आजारपणात तिला घराबाहेर पडता येईना, तेव्हा आमच्या मुलीनं, मुक्तानं, तिला संगणकावर एक खेळ लावून दिला होता. अनोळखी ग्रहावर काही माणसं येऊन पडतात. त्यांच्यासाठी घरं बांधायची, शेती करायची, कापड विणायचं आणि मधूनमधून येणाऱ्या दरोडेखोरांना तोंड द्यायचं. मला वाटलं, हिला चार दिवसांत कंटाळा येईल. तिनं तिथं दुसरा संसार मांडला! माणसांना नावंसुद्धा घरातलीच दिली. स्वतःचं, माझं, मुक्ताचं, कामशेतच्या तिच्या थोरल्या भावाचं म्हणजे आबांचं, आणि तळेगावच्या माझ्या ताईचं. (ताईच्या माणसाला तिनं स्वयंपाकाचं काम दिलं नव्हतं. का, ते ताईकडे जेवलेल्यांना सांगायला नको.)

ती गेल्यावर तो खेळ कुणी उघडला नाही. संगणकावर तिनं टाकलेला रुमालसुद्धा मी हलवला नव्हता.

त्या दुपारी जेवणं झाली, गुरुजी गेले. मी, मुक्ता, आबा आणि ताई असे चौघं बैठकीच्या खोलीत एकमेकांकडे न बघता बसलो होतो. तेव्हा मुक्ता एकदम म्हणाली, "आईची वसाहत बघायची का?"

पडदा उजळला, आणि भाताच्या खाचरात एक इवलीशी बाई वाकलेली दिसली. खाली नाव होतं, कुमुद.

आबांनी चष्मा पुसला. "भात लावलाय जनू."

"हो मामा."

"लय दाट लावलाय," आबा म्हणाले.

एवढ्यात पडद्यावर लाल अक्षरं आली. शेताच्या टोकाला दरोडेखोरांनी तळ ठोकला होता. मुक्तानं खेळ थांबवला.

"हरलो तर मागे जाऊन पुन्हा खेळता येतं ना?" मी विचारलं.

"नाही बाबा. ती सोय आईनं बंद करून ठेवलीय. फसवाफसवी नको म्हणायची. इथं माणूस गेलं की गेलं."

"म्हणजे कुमुदसुद्धा?" ताईनं विचारलं.

"आईसुद्धा."

एकदा तिला निरोप दिला होता. ते काम पुन्हा करायची माझी अजिबात तयारी नव्हती.

"घाबरू नका, वेळ आहे अजून," मुक्ता म्हणाली. "कोठारात काय आहे ते बघून चिलखतं आणि हत्यारं करून घ्या. कशाची करायची ते फक्त नीट निवडा. मी चहा टाकून येते." आणि ती मला, एका निवृत्त ग्रंथपालाला, युद्धमंत्री नेमून स्वयंपाकघरात गेली!

कोठारात थोडं लोखंड होतं, थोडं सोनं, थोडी चांदी, युरेनियमचा एक गोळा आणि लाकूड मात्र ढीगभर. चिलखत म्हटलं की खेळ विचारायचा, कशाचं? तलवार म्हटलं की पुन्हा, कशाची? आता मी आयुष्यात रुमालाचं कापडसुद्धा स्वतः निवडलेलं नाही. या विषयातलं माझं एकुलतं एक शिक्षण म्हणजे मुक्ताच्या लग्नातला आहेर. कुमुद दुकानात एकेक वस्त्र हाताळून कुणाला काय ते ठरवायची आणि मी मागे पिशव्या धरून उभा राहायचो. पण त्यातून एक तत्त्व मला पक्कं कळलं होतं : मुलीच्या मामाला सगळ्यांत भारी!

मी आबांना सोन्याचं चिलखत केलं. त्यावर शोभेल अशी चांदीची तलवार केली. युरेनियमला मी हातच लावला नाही. (वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल कधी बरं छापून येत नाही.) लोखंड होतं नव्हतं ते सगळं कुमुदला दिलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि तिला सगळ्यांत आतल्या खोलीत बसवून दार लावून घेतलं. मग ताईची पाळी आली.

"हे माझ्या अंगावर काय आहे?" ताईनं पडद्याजवळ वाकून विचारलं.

"चिलखत."

"कशाचं?"

"लाकडाचं."

"कसलं लाकूड?"

"सागवान असावं," मी म्हणालो.

"वा! मेहुण्याला सोनं आणि सख्ख्या बहिणीला फळ्या! कुमुद असती तर असं झालं नसतं."

आबा बिचारे कानकोंडे झाले. "ताई, माझं घ्या तुमी. मला कशापायी सोनं? मी काय नवरी हाय व्हय?"

"छे छे, आबा, तुमचा मान आहे तो."

"न्हाई न्हाई. तुमी थोरल्या. दाजी, द्या त्यांना."

मी आबांचं चिलखत उतरवून ताईला घालायला लावलं. ताईला लगेच अवघडल्यासारखं झालं. "अरे, मी बोलले म्हणून लगेच काढून घेतोस? परत दे त्यांना!" मी परत दिलं. आबांना ते पटेना. "पुन्यांदा ताईस्नी द्या, दाजी. आमी काय, चालवून घेऊ." साडीच्या बाबतीत हा आग्रह दारापर्यंत चालतो आणि शेवटी कुणीतरी पिशवी रिक्षात टाकून पळून जातं. इथं रिक्षा नव्हती! शिवाय शिंप्यालोहारांनी काम करावं म्हणून मी खेळ मघाशीच पुन्हा सुरू केला होता, हे माझ्या लक्षातच नव्हतं. चिलखत चढवायला आणि उतरवायला त्या चिमुकल्या माणसांना भरपूर वेळ लागतो. आम्ही इकडे एकमेकांचा मान राखत होतो, आणि तिकडे वसाहतीचे दोन प्रमुख योद्धे अंगणात अर्ध्या कपड्यांत उभे होते. दरोडेखोर शांतपणे भात तुडवत येत होते.

चहाचा ट्रे घेऊन मुक्ता आली आणि दारातच किंचाळली. "बाबा! हे काय केलंत?"

"मानाप्रमाणे वाटणी केली."

"मानाप्रमाणे? जो दारात उभा राहून मार खाणार, त्याला लोखंड द्यायचं असतं! सोनं मऊ असतं, आणि जड. बघा, मामाला पाऊल उचलवत नाहीये!"

"तरीच म्हनलं मी, आसा काय चालतोय मी," आबा म्हणाले.

"आणि चांदीची तलवार? तिला धार किती राहणार? काकडी तरी कापेल का ती? त्या युरेनियमची गदा करायची होती. ठोकायचं हत्यार जितकं जड तितकं चांगलं."

"आणि लाकूड?" ताईनं हळूच विचारलं.

"लाकूड पेटतं, आत्या."

तेवढ्यात पडद्यावर एक पेटता पलिता ताईच्या माणसावर येऊन पडला.

"अगं बाई, पेटले मी!" ताई सोफ्यावरून उठून स्वतःचा पदर झटकू लागली. आबांनी शेजारचा पाण्याचा तांब्या पडद्यावर ओतायला खरोखरच उचलला. संगणक वाचला तो मुक्तानं ट्रे आडवा धरला म्हणून.

आणि मग आतल्या खोलीचं दार उघडलं. मी लावलेलं दार! कुमुद बाहेर आली आणि सरळ आगीकडे धावत निघाली.

"कुठं चालली ही? मुक्ता, थांबव तिला!"

"तिनं आपल्या कामांचा क्रम लावून ठेवलाय, बाबा. आग विझवणं पहिलं, जखमींची देखभाल दुसरं. बाकी सगळं नंतर."

मी माऊस धरला. तिला परत आत पाठवायचं होतं. पण घाईघाईत मी वसाहतीतल्या कोंबडीलाच दोनदा आत पाठवलं. आबांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, दाजी. ती ऐकायची न्हाई. ल्हानपनी तरी कुनाचं ऐकलं हुतं?"

मी हात काढून घेतला. कुमुदनं ताईची आग विझवली. मग मुक्तानं तिला मुख्य दाराच्या चौकटीत उभं केलं आणि बाकीच्यांना तिच्या मागे. खरं तर व्यूह तोच बरोबर होता. लोखंड जिच्या अंगावर होतं, तिला आत कोंडण्याची चूक तेवढी माझी. दरोडेखोरांचे घाव एकामागून एक त्या लोखंडावर पडत होते. ताईनं डोळे मिटून घेतले. आबा पुटपुटत होते, "हान, कुमे, हान."

दरोडेखोर पळाले! कुमुदला खरचटलं होतं, तेवढंच. ती तशीच वळली आणि ताईच्या माणसाला उचलून खाटेवर घेऊन गेली.

"बघ, पट्टी बांधतेय माझी," ताई म्हणाली. मग ती हसायला लागली. मग आबा हसले, मुक्ता हसली आणि शेवटी मीही. त्या घरात असं हसणं वर्षभर झालं नव्हतं. तो दिवस कसाबसा पार पडावा, एवढीच माझी सकाळी अपेक्षा होती. ज्यांनी चिलखतांवरून वाद घालून तो दिवस असा हसरा केला, त्या तिघांचे आभार मला त्या दिवशी मानता आले नाहीत. म्हणून हे लिहीत आहे.

"पण लढाई चालू असताना मी कुठं होतो?" मी विचारलं.

मुक्तानं शोधलं. मी कोठारामागच्या खोलीत टेबलाशी बसून पुस्तक वाचत होतो. आणि उघडाबंब! माझा कोट कशाचा आहे हे बघायच्या नादात मीच तो उतरवायला लावला होता, आणि चारचौघांच्या मानपानात परत घालायचं राहून गेलं होतं.

मुक्तानं कुमुदच्या नावावर टिचकी मारली. तिथं तिच्या मनाची अवस्था लिहून येते. कुमुद समाधानी होती. कारणंही खाली दिली होती : शत्रू पळाला, माणसं वाचली, घर शाबूत आहे. सगळ्यांत शेवटी मात्र होतं, 'नवरा विवस्त्र दिसला', आणि त्याबद्दल तीन गुण वजा.

एवढ्या वर्षांच्या संसारात मी इतक्या स्वस्तात कधीच सुटलो नव्हतो.