दरीत उतरणाऱ्या मामी

चढणीवर कुणी हात दिलेला मामींना खपत नसे. खारघरच्या डोंगरावर एका ठिकाणी वाट संपून नुसता कातळ लागतो, तिथं भलेभले थबकतात. एका रविवारी वर पोचलेल्या एका तरुणानं अदबीनं वाकून हात पुढे केला. मामी खाली उभ्या होत्या. गुडघ्यापर्यंत खोचलेली साडी, साडीखाली मुलाची जुनी ट्रॅक पँट, पायांत त्याचेच बूट. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हात तुझ्याकडं ठेव बाळा. मला वाट दे."

तो बिचारा बाजूला सरकला. मामी कातळाला पोट लावून, कोपरं टेकत, धापा टाकत वर आल्या. बघायला ते काही फार छान नव्हतं. वर आल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्या मुलाला दिला आणि त्याच्या आईची चौकशी केली. मुलगा पार विरघळला. पण पुढच्या चढावर त्यानं पुन्हा हात पुढे करायचं धाडस केलं नाही.

मामी मूळच्या साताऱ्याकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा त्यांचे यजमान वाशीच्या बाजारात माथाडी होते. गावाकडून कामाच्या शोधात आलेले त्यांचे भाचे आधी यांच्याच घरी उतरायचे आणि दिवसभर "मामी, मामी" करायचे, म्हणून सानपाड्यातली आमची सगळी सोसायटीच त्यांना मामी म्हणू लागली. स्वतः मामी जवळच्या पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. सगळी नोकरी उभ्यानं झाली. "एका जागी उभं राहून माझं पाय चालायचंच विसरलं हुतं," असं त्या सांगत. यजमान गेले, नोकरी संपली, मुलगा संतोष अमेरिकेत होता. आता मामी देवाधर्माला लागतील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मामी टॉर्च विकत घेऊन डोंगराला लागल्या.

त्यांना पहाटेच निघायचं असे. ऊन आपल्या आधी वर पोचलं तर डोंगर त्याचा होतो, असं त्यांचं म्हणणं. सोसायटीला हे काही पचेना. एकटी बाई, त्यात वर्षही झालं नाही नवरा जाऊन, अंधारात बूट घालून जाते कुठं? शेवटी चेअरमन साहेबांनी सुरक्षेचं कारण काढून फाटक उजाडेपर्यंत बंद ठेवायचा नियम केला. मामी भांडल्या नाहीत. नेहमीच्या वेळी खाली आल्या, वॉचमनच्या केबिनमधून इंटरकॉमवर चेअरमन साहेबांना उठवलं आणि नम्रपणे म्हणाल्या, "साहेब, मी खाली आलीय. फाटक उघडू का नको, एवढं सांगा." साहेबांनी नियम सांगितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फोन, त्याच वेळी, तितक्याच नम्रपणे. त्या आठवड्यात मिसेस चेअरमनची झोपमोड इतकी झाली, की नियम आपोआप मागे पडला.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. बँकेतली माझी नोकरी तेव्हा चालू होती, साखर वाढली होती आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी रोज सकाळी सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारत होते. एकदा डोंगरावरून परतणाऱ्या मामी बागेच्या कठड्याला टेकून माझ्याकडे बघत राहिल्या.

"वैशाली, घाण्याच्या बैलासारखी काय फिरतीस गं? कुठं पोचतीस का तरी?"

मला राग आला. तरी रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. तिसरी आली सानपाडा गावातली रंजना. ती बाजारात मासळी विकायची आणि मामींची तिच्याशी पापलेटच्या भावावरून भांडता भांडता दोस्ती झाली होती. "मामी जाते तर मी का नाय जानार?" एवढाच तिचा प्रश्न होता.

हवा स्वच्छ असली की डोंगरावरून खाडी दिसे, आणि खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदराच्या क्रेनची रांग. मामी भाकरी-ठेच्याचं फडकं सोडून बसत आणि त्या क्रेनकडे बघत. "त्या पेट्या उचलायला केवढाली यंत्रं लागत्यात बघ," एकदा त्या म्हणाल्या. "आमच्या यांनी सगळं पाठीवर उचललं. घर, भाचं, पोराचं शिक्षण. आणि कधी म्हणून असं उंचावर येऊन बसलं न्हाईत. त्यांच्या वाटणीचं मी बसते." यजमानांबद्दल त्या एवढंच बोलल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नाही.

संतोषला मुलगी झाली आणि मामींना बोलावणं आलं. सहा महिने बाळाकडे बघायला. आता मामी परत येत नाहीत, असं सगळे म्हणाले. मामी म्हणाल्या, "सहा म्हंजे सहा. सातवा न्हाई." तिथं त्यांनी बाळाला न्हाऊमाखू घातलं, सुनेला डिंकाचे लाडू करून घातले, काही म्हणता काही कमी केलं नाही. संतोषच्या घरापासून काही तासांवर ते जगप्रसिद्ध दरीचं नॅशनल पार्क आहे. बाळानं मान धरल्यावर संतोष सगळ्यांना तिथं घेऊन गेला. कठड्याजवळ उभं करून त्यानं आईचे फोटो काढले. दरी मैलोन् मैल पसरलेली, लाल, पिवळ्या, करड्या दगडांचे थरावर थर. मामींना खाली, पार खोल, मुंग्यांएवढी माणसं चालताना दिसली.

"ती कोण रं?"

"ते ट्रेकर आहेत, आई."

"मग आपण कोण?"

संतोष हसला. त्याला वाटलं, आई गंमत करतेय.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला तेव्हा लॉजवर आईचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं आणि बूट जागेवर नव्हते. पुढचे काही तास त्यानं कसे काढले ते त्यानं मला फोनवर सांगितलं. पार्कच्या रक्षकाला कळवलं, बायको बाळाला घेऊन कठड्यापाशी उभी, हा वाटेनं धावत खाली. ऊन चांगलं वर आल्यावर एका वळणावर त्याला आई दिसली. दोन काठ्या घेतलेल्या एका पांढऱ्या केसांच्या अमेरिकन बाईबरोबर ती सावकाश वर येत होती. त्या बाईच्या हातात मामींची चपाती आणि लोणचं होतं. "ती तिचं बोलत हुती, मी माझं," मामींनी मला नंतर सांगितलं. "दम लागला की दोघी गप. लई चांगली बाई."

संतोष सगळ्यांसमोर आईवर ओरडला. "तुला काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर मला झालं असतं," मामी म्हणाल्या. "तू कशाला घाबरतोस? खाली गेले त्यापेक्षा वर हळू आले. अक्कल हाय मला."

त्या रात्री संतोषनं मला फोन केला. "काकू, तुम्ही सांगा तिला. माझं ती ऐकत नाही. तिला मी तिथं एकटी कशी ठेवू? सानपाड्याचं घर काढून टाकतो आणि तिला इथंच ठेवून घेतो." मुलगा वाईट नव्हता. बाप गमावून त्याला फार दिवस झाले नव्हते आणि आई डोळ्यांआड झाली तेव्हा तो खरोखर घाबरला होता. सहा महिने संपले तशा मामी परत आल्या. घराला हात लावू दिला नाही. विमानतळावरून येताना टॅक्सीतच त्यांनी मला विचारलं, "आपल्याकडं अशी दरी कुठं हाय?"

मी सांदण दरीचं नाव घेतलं आणि जीभ चावली. सह्याद्रीच्या पोटात पडलेली ती एक लांबलचक चीर आहे, आत उतरून मोठमोठ्या धोंड्यांवरून चालत जावं लागतं. मामींनी दुसऱ्याच दिवशी ट्रेक नेणाऱ्या एका मुलाला फोन लावला. त्यानं साठीच्या पुढच्यांना नेत नाही असं सांगितलं.

"का बरं?"

"आजी, रिस्क असते. उगाच टेन्शन नको."

"टेन्शन तुला, आणि घरात बसायचं मी?" मामींनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "जीप ठरव."

थंडीचे दिवस होते. रंजनाच्या भाच्यानं जीप चालवली, दरीच्या तोंडाशी असलेल्या गावात एका घरी आम्ही मुक्काम केला आणि तांबडं फुटता फुटता गावातल्या एका वाटाड्याबरोबर उतरायला लागलो. दोन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या भिंती इतक्या जवळ आल्या, की वर आभाळाची नुसती पट्टी उरली. एके ठिकाणी मांडीभर पाणी, बर्फासारखं. रंजना किंचाळली, "आयला, खाडीचं पानी बरं याच्यापरीस!" मामी पाण्यातून न बोलता गेल्या. भिंतींच्या अगदी वरच्या कडेला ऊन लागलं होतं आणि आम्ही अजून अंधारातच चालत होतो. मला तर देवळात शिरल्यासारखं वाटत होतं.

दरीच्या मध्यावर एका धोंड्यापाशी मामी बसल्या. मला वाटलं, पाणी प्यायला. पण त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठ निळसर. त्यांनी कंबरेच्या पिशवीतून गोळी काढून जिभेखाली ठेवली, हे मी पाहिलं.

"ही कसली गोळी?"

"काय न्हाई. हृदयाची झडप सैल झालीय म्हणं. डॉक्टर म्हणतोय ऑपरेशन कर."

"केव्हापासून? मामी, तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू मला आणलं असतंस?"

मला इतका संताप आला, की डोळ्यांत पाणी आलं. मी ओरडले. म्हटलं, इथं तुम्हाला काही झालं तर वर कसं न्यायचं, संतोषला मी काय तोंड दाखवू, तुमच्या हट्टापायी आमचा जीव टांगणीला. माझा आवाज भिंतींना आपटून परत येत होता. वाटाड्या खाली मान घालून उभा राहिला. मामींनी सगळं ऐकून घेतलं.

"खरं हाय तुझं," त्या म्हणाल्या. "तुला न सांगणं चुकलं माझं. तेवढं चुकलं. येणं न्हाई चुकलं." मग म्हणाल्या, "जन्मभर सगळ्यांनी मला जपून ठेव म्हणून सांगितलं. घर जप, पोर जप, पैका जप. आता म्हणत्यात सोताला जप. अगं, जपून ठेवून मी कुणाला देणार हाय?"

बराच वेळ आम्ही तिथं बसलो. मामींच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. वाटाड्या म्हणाला, दरी जिथं कड्यावरून तुटते ती कडा आता फार लांब नाही. निर्णय मी घेतला नाही, कुणीच घेतला नाही. मामी उठल्या आणि पुढे चालू लागल्या, आम्ही मागे. कडेला पोचलो तेव्हा समोर दरी एकदम तुटून कोकणात कोसळलेली, आणि खाली उन्हात रानच रान. मामी कडेपासून अंतर ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "तिकडली मोठी हाय. पण ही माझी हाय." वर यायला आम्हाला दुपार कलली. त्या दर थोड्या अंतरावर बसत होत्या, आणि मी एकदाही घाई केली नाही.

घरी आल्यावर मी स्वतः संतोषला फोन करून सगळं सांगितलं, मामींच्या समोर. तो महिनाभराची रजा काढून आला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, काही शंका आहे का? मामी म्हणाल्या, "एकच. परत डोंगर कधी?" डॉक्टर हसले, पण त्यांनी उत्तर दिलं. त्यांनी दिलेल्या मुदतीच्या आत एक दिवसही मामींनी डोंगरावर पाऊल टाकलं नाही, आणि मुदत संपली त्या पहाटे त्या फाटकात हजर होत्या. त्यानंतर आणखी काही हिवाळे आम्ही फिरलो. चाल मंदावली होती, बसणं वाढलं होतं, पण रविवार चुकला नाही.

गेल्या वर्षी मामी गेल्या. डोंगरावर नाही, दरीत नाही. दुपारी जेवून पंख्याखाली आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. संतोष आला. दिवसकार्याला घर माणसांनी भरलं होतं, आणि मामींचे धाकटे दीर अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनीनं ऐकलं असतं तर आज असती. वयाला न शोभणारी थेरं केली, अंगाशी आली."

मी तोंड उघडणार तेवढ्यात कोपऱ्यातून रंजना उठली. "अण्णा, मामी घरान् झोपेत गेली. डोंगरानं तिला काय नाय केलं. तुमी इतकी वर्सा आला नाय, ती जगली कशी ते तुमाला काय ठाव?"

अण्णा लाल झाले. "ही कोण मासळीवाली मला शिकवणारी?"

"ती आईची मैत्रीण आहे, काका," संतोष म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "आणि तिचं बरोबर आहे. आईला सगळ्यात जास्त मीच अडवलं. ती थांबली नाही, हे माझं नशीब. थांबली असती तर आज मला आठवायला एक खुर्चीत बसलेली आई उरली असती."

मी म्हटलं, "मामींच्या फिरण्याला थेरं म्हणायचं असेल तर आमच्याही फिरण्याला म्हणा. रविवारी आम्ही जाणार आहोत." माणसं माझ्याकडे बघत राहिली. बघू देत.

जिना उतरत होते तेव्हा मागून पावलं वाजली. अण्णांची सून, अश्विनी. सकाळपासून सगळ्यांना चहा देत होती, तिचा आवाजही कुणी ऐकला नव्हता. हातात कपांचा रिकामा ट्रे तसाच होता.

"काकू, रविवारी किती वाजता निघता?"

मी वेळ सांगितली. बूट असू देत, म्हटलं, आणि पाण्याची बाटली.

"घरी विचारून बघते," ती म्हणाली आणि वर वळली. मी माझ्या मजल्यावर पोचले, कुलपात किल्ली घातली. तेवढ्यात ती पुन्हा कठड्यावरून वाकली.

"काकू, विचारत नाही. सांगते, आणि येते."