अँटेना उतरवताना

टेक्सासमधल्या प्लेनोहून उत्तरेला तासभर ड्राइव्ह केलं की कंपन्यांची आवारं मागे पडतात आणि नुसती गवताची रानं सुरू होतात. रिटायर झाल्यावर धर्मराज मेश्रामांनी तिथं एक जुनं घर घेतलं. आधीचा मालक ट्रक चालवायचा. जाताना तो आपला सीबी रेडिओ घरातच ठेवून गेला. ट्रकवाले रस्त्यावर एकमेकांशी बोलायला वापरतात, तो. मागच्या अंगणात त्याचा अँटेनाही होता: वीस फुटी लोखंडी खांब आणि त्यावर तेवढीच उंच अॅल्युमिनियमची नळी. धर्मराजांच्या बायकोनं, उपासनानं, पहिल्याच दिवशी सांगितलं की हे धूड आधी काढून टाका. धर्मराजांनी काढलं नाही.

नागपूरहून शिकून आलेल्या या माणसानं बावीस वर्षं टेलिकॉम कंपनीत नेटवर्क तपासण्यात घालवली होती, पण त्यावरून कोण काय बोलतं हे कधी कानावर पडलं नव्हतं. आता सकाळी चहाचा कप घेऊन ते रेडिओपाशी बसत. हायवेवर धुकं आहे का, पुढे अपघात झालाय का, असं ट्रकवाले विचारत आणि हे सांगत. नागपूरच्या संत्र्यांबद्दल त्यांनी एकदा कुणाला तरी सांगितलं, तेव्हापासून सगळे त्यांना 'ऑरेंज' म्हणू लागले.

हिवाळ्याआधी दरवर्षी ते खांब खाली घेत. सांधे पॉलिश पेपरनं घासायचे, केबलच्या टोकात पाणी शिरलंय का पाहायचं, नवी टेप गुंडाळायची आणि खांब पुन्हा उभा करायचा. यंदा तर ते करणं भागच होतं, कारण अँटेनातला बिघाड दाखवणाऱ्या मीटरचा काटा वर चढला होता आणि ट्रकवाले म्हणत होते की ऑरेंजचा आवाज फाटतो. तरी धर्मराज तीन शनिवार ते टाळत राहिले. मागच्या कुंपणापलीकडे नवी वसाहत झाली होती आणि वर्षभरापूर्वी तिच्यासाठी विजेची लाइन कुंपणालगत आली होती. खांबापासून ती पन्नास फुटांवर असेल, असं त्यांनी नजरेनं ठरवून टाकलं होतं. टेप लावून कधी मोजलं नव्हतं. मोजलं आणि कमी भरलं तर काय, ही भीती पोटात होती आणि म्हणूनच मोजणं राहून जात होतं.

चौथ्या शनिवारी त्यांची मुलगी पायल प्लेनोहून आली. ती तिथं बँकेत नोकरी करते. ती म्हणाली, आज करून टाकू, मी आहे ना.

खांब पायाशी बिजागरीवर होता आणि त्याला तारांचे ताण दिलेले होते. कुंपणाकडचा ताण सोडून त्या जागी दोर बांधायचा, पायलनं तो दोर धरून हळूहळू सैल सोडायचा आणि धर्मराजांनी समोरच्या बाजूचा ताण ओढत खांब घराकडे आडवा करायचा, असा बेत होता. पायल दोर धरून कुंपणापासून चार-पाच पावलांवर उभी राहिली. तीन दिवसांच्या पावसानं गवत निथळत होतं.

धर्मराजांनी तार ओढली आणि ओल्या मातीतून तिची खुंटीच उपटून वर आली. त्याच क्षणी घराच्या बाजूनं वाऱ्याचा झोत आला. चाळीस फुटांचं ते धूड किंचित थरथरलं आणि उलट दिशेला, लाइनकडे, झुकू लागलं.

धर्मराजांनी तार दोन्ही हातांनी धरून ठेवली. टाचा चिखलात रुतवल्या, तरी ती त्यांना फरफटत नेऊ लागली. त्यांना एकदम स्वच्छ कळलं की खांब लाइनला टेकला तेव्हा तार हातात असेल तर आपण संपलो. आणि दोर हातात राहिला तर पायलही.

"पायल, दोर सोड! बाजूला पळ!"

तिनं सोडला. त्यांनीही तार सोडली. मग निळा-पांढरा लोळ उठला, छातीवर आदळणारा आवाज झाला आणि अँटेना लाइनवरून घसरून तारेच्या कुंपणावर आडवा पडला. घरातले दिवे गेले.

पायल पडलेल्या अँटेनापासून दहा-बारा फुटांवर उभी होती. जिवंत होती. ती त्यांच्याकडे धावायला निघाली.

"थांब!" धर्मराज ओरडले. मुलीवर ते जन्मात असे ओरडले नव्हते. "पाय उचलू नकोस. दोन्ही पाय जुळवून उभी राहा."

त्यांचे वडील नागपूरकडे लाइनमन होते. पावसाळ्यात तार तुटून पडली तेव्हा शेजाऱ्यांची म्हैस तारेला न शिवताच कोसळली होती. वडिलांनी त्या दिवशी मुलांना अंगणात बसवून समजावलं होतं की अशा वेळी जमिनीतच वीज पसरते. पावलांत अंतर पडलं की ती एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. आणखी एक त्यांनी बजावलं होतं: आवाज थांबला म्हणजे तार मेली असं समजायचं नाही.

मागचं दार उघडलं आणि उपासना बाहेर आली. ती मुलीकडे निघणार हे धर्मराजांनी ओळखलं.

"उपासना, पायरी उतरू नकोस. फोन कर, नाइन-वन-वन."

ती पायरीवरच थबकली. हातातला फोन कानाला लावताना तिची नजर मुलीवरून हलली नाही.

"बाबा, आय कान्ट," पायल म्हणाली.

"जमेल तुला. पावलं जमिनीला चिकटलेली ठेव. एक पाऊल बोटभर घसरव, मग दुसरं त्याच्या बाजूला आण. माझ्याकडे बघ, खाली नको."

ती घसरू लागली. बोटभर, आणखी बोटभर. धर्मराजांना पुढे होऊन तिला उचलून आणावंसं वाटत होतं आणि जागचं हलायचं नव्हतं. आपण हललो तर ती धावेल, हे त्यांना माहीत होतं. ते फक्त बोलत राहिले, काय बोलत होते ते त्यांना नंतर आठवलं नाही.

ती वीसेक फूट आली असेल, तेव्हा लाइन आपोआप परत चालू झाली. पुन्हा तोच आवाज, कुंपणावर ठिणग्या, गवतातून वाफ. पायल किंचाळली आणि तिचा तोल गेला. एक हात जमिनीकडे गेला.

"सरळ. सरळ उभी राहा, बेटा. पाय जुळलेत ना? जुळलेत. आता ये."

ती सावरली. उरलेलं अंतर कापायला तिला किती वेळ लागला, कोण जाणे. तिच्या बुटांची टोकं छपराखालच्या कोरड्या पट्ट्यात आली तरी धर्मराजांनी तिला तसंच घसरत पायरीपर्यंत नेलं. तिथं उपासनानं तिला मिठीत घेतलं आणि तिघं पायरीवर बसून राहिली. फायर ब्रिगेड आली, मग विजेची माणसं आली. त्यांनी लाइन बंद करून अँटेना तुकड्या-तुकड्यांनी उचलला.

संध्याकाळी पायल गाडीची किल्ली हातात घेऊन दाराशी उभी होती. धर्मराज तिला म्हणाले, "मला शंका होती. तरी मी मोजलं नाही."

"आय नो, बाबा. तुम्ही सकाळपासून त्या लाइनकडेच बघत होता. मीच म्हटलं ना, आज करू. पण तुम्ही सांगायला हवं होतं."

त्यांनी मान हलवली. पोचल्यावर फोन कर म्हणाले. तिनं केला आणि मग महिनाभर रोजच करत राहिली. आई-बाबा कसे आहेत एवढं विचारून ठेवून द्यायची.

अँटेना परत उभा राहिला नाही. रेडिओ धर्मराजांनी शेजारच्या आर्कान्सा राज्यातल्या एका ट्रकवाल्याला दिला. चार वर्षं ते एकमेकांचा नुसता आवाज ओळखत होते. तो माणूस ट्रक रस्त्याकडेला लावून आत आला, चहा प्याला. काय झालं होतं, असं त्यानं विचारलं, तेव्हा उपासनानंच सगळं सांगितलं. धर्मराज तेवढ्या वेळात उठून पुढच्या अंगणात गेले होते. मागच्या गवतावर ते अजून पाऊल टाकत नाहीत. तिकडचं गवत उपासना कापून घेते.