पाच जणांची एकच टीम

गेल्या बुधवारी बेळ्ळंदूरच्या ऑफिसात आम्हा पाच इंजिनिअरांची अक्कल एकदमच उघडी पडली.

झालं असं, की त्याच शनिवार-रविवारी सिस्टीमचं मोठं अपग्रेड होतं. सगळ्यांनी लॅपटॉपला चिकटून बसायचं, सुट्टी एकालाच. कुणाला, ते संध्याकाळच्या मॅचवर ठरणार होतं... ज्याची फँटसी टीम, म्हणजे ॲपवर निवडलेले अकरा खेळाडू, जास्त पॉइंट्स करेल, त्याला.

मला ती सुट्टी हवीच होती. नागपूरला दादाच्या लेकीचं बारसं, आणि मी एकुलती एक आत्या! बाळाच्या कानात नाव दुसरं कोण सांगणार?

म्हटलं, आवडनिवड बाजूला, गणितालाच विचारू. प्रत्येक खेळाडूचे अपेक्षित पॉइंट्स, त्याचे क्रेडिट म्हणजे ॲपमधली किंमत, एकूण क्रेडिटची मर्यादा, विकेटकीपर एक तरी हवा... सगळं कोडमध्ये घातलं. आता यातून सगळ्यात भारी अकरा जण काढ बाबा!

क्षणात उत्तर. माझ्या लाडक्या ओपनरला दारातही उभं केलं नव्हतं, आणि कॅप्टन कोण, तर ज्याचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं असा बॉलर! असं का बरं? मुद्दाम ओपनरला आत घुसवून पाहिलं, तर तो इतका महाग की दोन चांगले ऑलराउंडर बाहेर. या खेळात लंच ब्रेक कधी संपला कळलंच नाही.

टॉस झाला, टीम लॉक झाल्या, सगळ्यांनी आपापल्या उघडून दाखवल्या... पाचही सेम टू सेम! कॅप्टनसकट! प्रत्येकाने गुपचूप तेच आकडे घेऊन तोच उद्योग केला होता. पहिला बॉल पडायच्या आधीच बरोबरी.

बाकीचे पोट धरून हसत होते, मला मात्र रडूच फुटलं. मग मी बारसं, आत्या, कानातलं नाव, सगळं पुराण सांगून टाकलं.

आमच्या टीममधला मंजुनाथ, पक्का बसवनगुडीचा कानडी गडी, बघतच राहिला. "अरे, स्वल्प पूछना था ना! मुझे छुट्टी चाहिए ही नहीं. घर पे दिखा तो वाइफ पर्दे धुलवाएगी." बाकीच्या तिघांनीही माना डोलावल्या. त्यांना फक्त आपलं गणित जमतंय का ते बघायचं होतं.

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! कोडमध्ये इतक्या अटी घातल्या, पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला साधं विचारलं नाही.

रविवारी भाचीच्या कानात नाव सांगितलं आणि रीतीप्रमाणे पाठीवर सगळ्यांचे दणदणीत धपाटे खाल्ले. पाठ अजून दुखतेय... मंजुनाथ आणि मंडळी, तुमच्यामुळे दुखतेय. थँक्यू रे!