वैशूचा उंचवटा

“अगं, डेंग्यूने नेली गं माझी पोर...” एवढंच काकू, वैशूची आई, फोनवर बोलल्या. मी डोंबिवलीहून कळव्याला पोचेपर्यंत वैशूच्या गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागलेलासुद्धा! ‘धडाडीच्या क्रिकेटपटू वैशालीताई’. शेजारी बॅट-स्टंपचं चित्र. अरे, आयुष्यात क्रिकेटची बॅट धरली नाही हो तिने! बेसबॉल खेळायची ती. देशाकडून खेळली. मेल्यावर तरी माणसाचा खेळ नीट छापा...

ती पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. मी तिची कॅचर, समोर उकिडवी बसून तो झेलणारी. शाळेपासून आमची जोडी. पिचरला उभं राहायला मैदानात मातीचा उंचवटा लागतो. आमच्याकडे तो कोण करून देणार? वैशूनेच मैदानाच्या कोपऱ्यात घमेल्याने मुरूम वाहिला, पाणी मारून चोपला. राज्य स्पर्धेत तिचं पहिलं सुवर्णपदक आलं आणि नगरसेवक भाऊंनी शाल-श्रीफळ दिलं. पुढे ती महाराष्ट्राची कॅप्टन झाली, पुन्हा शाल. भारताची जर्सी मिळाली तेव्हा तर मैदानावरच जंगी सत्कार ठेवला. आम्ही नटूनथटून गेलो, बघतो तर काय, स्टेज बरोब्बर तिच्या उंचवट्याच्या जागी! मांडववाल्यांनी तो खणून सपाट केलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वैशू कानात म्हणाली, “गप गं. एवढी माणसं माझ्या उंचवट्यावर पहिल्यांदाच आलीत.” माइकवर मात्र तिने एकच मागितलं, “भाऊ, शाल नको. हा कोपरा पोरींच्या सरावाला कायमचा द्या.”

“झालंच समजा, ताई!” भाऊ म्हणाले. टाळ्या पडल्या.

झालंच समजा! परदेशातल्या स्पर्धेत ती सर्वोत्तम पिचर ठरली, तेव्हाही हेच ऐकलं. दर सत्काराला, दर गरब्याला, दर लग्नाला उंचवटा जायचा आणि दुसऱ्या दिवशी ही बया घमेलं घेऊन हजर. शेवटी खांदा गेला. “चेंडू टाकून नाही गं, मुरूम उचलून गेला,” असं सांगून हसायची. मला नाही आलं हसू. आजही येत नाही. खेळणं सुटलं तरी ती संध्याकाळी वस्तीतल्या पोरींना तिथेच शिकवत राहिली.

शोकसभा त्याच मैदानावर, स्टेज त्याच जागी. भाऊंनी राज्य, देश, परदेश सगळं क्रमाने वाचलं आणि जाहीर केलं, “ताईंच्या स्मरणार्थ दरवर्षी भव्य क्रिकेट स्पर्धा!” मग मात्र मी उठले. “भाऊ, तुम्ही तिच्या उंचवट्यावर उभे आहात. तो कोपरा कधी देताय?” भाऊंनी दचकून पायाखाली पाहिलं, मग माइकवरच म्हणाले, “ताई भावुक झाल्यात, कुणीतरी पाणी द्या.” पाणी! लाज नाही वाटली?

मांडव निघाल्यावर मी गेले. नेहमीच्या जागी उकिडवी बसले, ग्लोव्ह पुढे धरला... समोर नुसती सपाट जमीन. उठले आणि काकूंकडून तिचं घमेलं आणलं. काठाला तिने गुंडाळलेली चिंधी अजून तशीच आहे. आता रोज संध्याकाळी मी आणि त्या पोरी मुरूम टाकतोय. भाऊ, पुढचा मांडव खुशाल घाला. पण आधी आम्हाला तिथून उचलावं लागेल, आणि आम्ही चांगल्या जड आहोत.