इराचा पहिला अल्बम आणि उबीनमधली दुपार

"मावशी, अल्बम येतोय. तू यायलाच हवंस. कॅन ऑर नॉट?" इराचा मेसेज आला आणि मी तिकीट काढलं. इरा माझ्या बहिणीची मुलगी, वय चोवीस, जन्मापासून सिंगापूरची. वाजवते मात्र आयर्लंडचं लोकसंगीत. वाद्य आपलं व्हायोलिनच, पण त्या संगीतात त्याला फिडल म्हणतात. त्यांच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एका आयरिश आजोबांकडून ती हे नुसतं ऐकून ऐकून शिकली. आता तिचा पहिला एकटीचा अल्बम निघत होता.

पोहोचले गुरुवारी. दार उघडताच ताई कुजबुजली, "रेकॉर्डिंग संपल्यापासून डावं मनगट धरलंय. डॉक्टरांनी सहा आठवडे फिडलला हात लावू दिला नाही. आता वाजव म्हणतात, तर ही पेटीच उघडत नाही. शनिवारी कार्यक्रम. तू तिला कुठेतरी घेऊन जा बाई."

म्हणून शुक्रवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर गेलो. तनाह मेराहपर्यंत एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, तिथून दोन नंबरची बस, मग चांगीच्या धक्क्यावरून बमबोट. बारा माणसं जमली की ही छोटी लाकडी होडी सुटते. भाडं रोख द्यायचं, सुटे जवळ ठेवा. शनिवार-रविवारी सायकलवाल्यांची झुंबड असते, तेव्हा जमलं तर मधल्या वारी जा. निघताना इराने फिडलची पेटी पाठीला लावली.

मनगटामुळे सायकल नको, म्हणून चालतच निघालो. पत्र्याच्या छपराचं एक जुनं कंपाँग, म्हणजे मलय खेड्यातलं, घर लागलं. ओसरीवर एक चिनी आजी शहाळी विकत होत्या. आम्ही बाकावर टेकलो. शहाळं संपलं आणि इराने पेटी उघडली.

आधी एक संथ धून वाजवली. मग रील, म्हणजे नाचाची धावती चाल. बोटं तारांवर भराभर पडत होती आणि ती मध्येच थांबली.

"दुखतंय?"

"नाही गं. दुखेल असं वाटलं."

आजी कोयता खाली ठेवून म्हणाल्या, "व्हाय स्टॉप? फिनिश, लाह!"

इरा हसली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि शेवटापर्यंत नेलं. मग मनगट फिरवून पाहिलं, परत फिरवलं. "मावशी, काहीच होत नाहीये!" म्हणाली आणि रडायलाच लागली. मीही.

शनिवारी दुपारी छोट्याशा हॉलमध्ये साठेक माणसं होती. रॅफल्स प्लेसच्या बँकेत वीस वर्षं काढलेले, कधी न डगमगणारे आमचे भावोजी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. शेवटच्या तीन रील तिने न थांबता वाजवल्या. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा कुठे भावोजींनी श्वास सोडला. "भूक लागली," ते म्हणाले. मग आम्ही सगळे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाऊच्या टपऱ्यांच्या बाजारात, जाऊन लाक्सा, नारळाच्या दुधातल्या तिखट नूडल्स, जेवलो, आणि ताईने दोन वाट्या संपवल्या.

पुण्यात परतून आठवडा झाला. अल्बम रोज लावते. जिग, म्हणजे नाचाचीच दुसरी चाल, कुठली आणि रील कुठली, अजून धड कळत नाही. उबीनचे फोटोही धूसरच आलेत. पण काल ताईचा फोन आला. आवाज चढलेला होता. "सकाळपासून अडीच तास वाजवतेय ही! शेवटी मीच ओरडले, पुरे कर आता!"

ताईचं असं ओरडणं ऐकून इतकं बरं वाटलं, की मी तिला आणखी थोडं ओरडू दिलं.