उणेअठरा आणि अँटिपास्तोचं ताट

मोठ्या शहरातल्या हॉटेलांना दोन दारं असतात. पुढच्या दारानं येतात ते जेवतात, आणि मागच्या दारानं येतात त्यांना कळतं की पुढचे काय जेवतायत. उणेअठरा गेली तीस वर्षं मागच्या दारानं जात आलाय. धंदा फ्रीजदुरुस्तीचा. घरगुती फ्रीज तो शिवत नाही, ती त्याच्या मते खेळणी. त्याचा मान हॉटेलांच्या शीतखोल्यांना आणि माणूस आडवा मावेल एवढ्या डीप फ्रीजरना. डीप फ्रीजर उणे अठरावर हवा, हे तो भेटेल त्याला सांगतो, लग्नात आणि मयतीतसुद्धा, म्हणून हे नाव. खरं नाव बायकोला ठाऊक असावं, पण ती ‘अहो’ म्हणते, त्यामुळे खात्री देता येत नाही.

बुटका, रुंद, खांद्याला हत्यारांची पिशवी. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात तिथे याचं सुईचं थर्मामीटर. काम करताना टॉर्च दातात. टॉर्च दातात असते तोवर तो गप्प असतो. आयुष्यात गप्प राहिला असेल तो तेवढाच.

अशा माणसाबरोबर बाहेर जेवायला जाणं म्हणजे काय, ते त्याच्या बायकोला विचारा. सत्तावीस वर्षांत तिनं बाहेरचा एक घास सुखानं गिळलेला नाही. चमचा तोंडाशी गेला की हा म्हणणार, “मंगळवारचं आहे.” एकदा ती वैतागून म्हणाली, असेना मंगळवारचं, त्यानं काय होतंय? तर म्हणाला, “आज सोमवार आहे.”

मुलगी एकच. कानांच्या दवाखान्यात लोकांची ऐकण्याची तपासणी करते. दिवसभर लोकांना ‘आवाज आला का’ विचारायचं आणि संध्याकाळी वडिलांचा आवाज येऊ नये म्हणून देवाला विनवायचं, असा तिचा दिनक्रम. तिला बढती मिळाली तेव्हा तिनं आपल्या मोठ्या डॉक्टरांना जेवायला नेलं, आणि आईच्या आग्रहाखातर बापालाही. डॉक्टरांनी कोळंबी उचलली. उणेअठरानं ती निरखून पाहिली आणि प्रेमानं सांगितलं की या कोळंबीची आणि त्याची मार्चपासूनची ओळख आहे. तेव्हा जून चालू होता. डॉक्टरांनी कोळंबी ठेवली, रुमालाला तोंड पुसलं, आणि पुढे चार महिने मुलीशी फक्त कामापुरतं बोलले.

तर या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा तिनंच शोधलेला, गरीब स्वभावाचा, पुलांची मोजमापं करणारा. त्याला आई-वडील नव्हते. होती एक मावशी, आणि ती दहा जणांना पुरून उरेल अशी. बावीस वर्षं इटलीत एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करायला होती. त्या बाई गेल्या तेव्हा ही परत आली, एक सुटकेस आणि नाकानं कांदे सोलण्याची सवय घेऊन. भाच्याला तिनंच पैसे पाठवून शिकवलं, त्यामुळे त्या घरात तिचा शब्द शेवटचा.

पहिल्या भेटीला मावशी आली, उणेअठराच्या बायकोनं दोन दिवस खपून केलेलं जेवली, आणि “बरं आहे” म्हणाली. बायकोचा चेहरा पडला. मग मावशीनं यजमानांचा धंदा विचारला. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात रोजचं जाणं-येणं आहे म्हटल्यावर ती पहिल्यांदा जरा पुढे सरकून बसली. म्हणाली, इथे आल्यापासून दोन वर्षं खरं अँटिपास्तो शोधतेय. सात हॉटेलं झाली, सातही जागी फसवणूक. मग तिनं समजावून सांगितलं की जेवणाच्या आधी येतं ते ताट. मांसाचे कागदासारखे काप, ऑलिव्ह, चीज, तेलात मुरलेल्या भाजलेल्या मिरच्या, आणि आटिचोक, म्हणजे कमळाच्या कळीसारखी दिसणारी, पाकळ्या सोलून खायची एक भाजी. “पोट भरायला नसतं ते,” ती म्हणाली. “भुकेला हाक मारायला असतं.”

शहाणा माणूस इथे ‘असं का’ म्हणून पानदान पुढे करतो. उणेअठराच्या जिभेला हाड नाही. म्हणाला, “पुढच्या रविवारी दुपारी चला. खरं म्हणजे खरं. मी नेतो.”

मावशी गेल्यावर मुलीनं दार लावलं आणि शांतपणे बापासमोर बसली. हा शांतपणा तिनं दवाखान्यात कमावलेला. तिनं सांगितलं की लग्न नोंदणी कचेरीतच करायचं आहे, त्याला नुसते तीन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदार म्हणून बापच लागतो असा काही कायदा नाही. “रविवारी ताटावर बसल्यावर स्वयंपाकघरातला एक जरी किस्सा तोंडातून निघाला ना बाबा, तर सह्या करून येऊ आणि तुम्हाला फोन करून कळवू.”

बायकोनं मध्ये पडावं म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, “फोन मी करीन. मी तिथेच असेन ना, साक्षीदार.”

सोमवारपासून उणेअठरा कामाला लागला. शहरातली एकतीस इटालियन स्वयंपाकघरं त्याच्या हाताखालची. यादी त्यानं नव्या गॅस्केटच्या, म्हणजे फ्रीजच्या दाराच्या रबराच्या, खोक्यावर मागच्या बाजूला लिहिली आणि एकेक खोडत निघाला. संगमरवरी जिन्याच्या हॉटेलात अँटिपास्तो सकाळी नऊला रचतात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात आणि रात्री गिऱ्हाइकाला ‘आत्ताच केलंय’ म्हणून देतात. तिथला मुख्य आचारी इटालियन ढंगात हेल काढून बोलतो, पण कॉम्प्रेसर बंद पडला की त्याचा हेलही बंद पडतो आणि शुद्ध मराठीत शिव्या सुरू होतात. दुसऱ्या एका ठिकाणी भिंतीवर आजीचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, ‘आमच्या आजीच्या हातची चव’. ती आजी फ्रेमबरोबर दुकानातून आलेली. मालकाची सख्खी आजी हयात आहे आणि तिला तिखटाशिवाय घास उतरत नाही. शिवाय अकरा हॉटेलांना मिरच्या पुरवणारी व्हॅन एकच, डबा एकच. फक्त मेनूकार्डावर त्या मिरचीची अकरा बारशी झालेली. आणि आटिचोक? एकतीसच्या एकतीस ठिकाणी डब्यातले. पिवळा डबा, त्यावर निळी बोट, पाच किलो.

डबा दिसला की उणेअठरा नाव खोडायचा. शनिवारी दुपारी खोक्यावर खोडायला काही उरलं नाही.

बायको शेंगा सोलत होती. न बघताच म्हणाली, पार्सल ऑफिसच्या मागच्या गल्लीतलं राहिलं की.

उणेअठरा असा दचकला की जणू तिनं त्याच्या जुन्या प्रेमप्रकरणाचं नाव घेतलं. प्रकरण होतंच, पण उलटं. त्या गल्लीत सहा टेबलांची एक खाणावळ होती. मालकीण विधवा, काटक, साठीची. तिचा नवरा इटालियन बोटीवरचा आचारी होता. या बाईनं बारा वर्षांत उणेअठराला एकदाही बोलावलं नव्हतं. शहरातली सगळी हॉटेलं त्याच्या पाया पडतात आणि ही नाही, याचा अर्थ त्यानं आपल्या सोयीनं लावला होता की तिच्याकडे फ्रीजच नाही. आणि लावून गप्प बसला असता तर तो उणेअठरा कसला? एकतीस स्वयंपाकघरांत त्यानं हे पोचवलं. पुढे सांगता सांगता गोष्टीला मिठाबरोबर मसालाही लागला. शेवटी शेवटी तर तिथे कालचं उष्टं वाढतात इथवर मजल गेली होती.

आता त्याच दारात जायचं. गेला. पुढच्या दारानं जायची सवय नाही, म्हणून मागच्या दारानं गेला.

मालकीण चुलीवर मिरच्या काळ्या करत होती. वर न बघता म्हणाली, “या उणेअठरा. बारा वर्षं माझं जेवण गावभर वाढताय. स्वतः कधी चाखलंत?”

त्यानं कधी नव्हे ते खाली मान घातली. मुलीचं लग्न, मावशी, रविवार, सगळं सांगून टाकलं. फ्रीज मात्र त्याला कोपऱ्यात दिसला. छोटा, जुना, पण चकचकीत. न राहवून विचारलं, याची दुरुस्ती कोण करतं? ती म्हणाली की दाराचं रबर तीच बदलते, मागची जाळी तीच झाडते, “त्याला काय अक्कल लागते?” तीस वर्षांचा धंदा एका वाक्यात उघडा पडला. पण बाई मनानं वाईट नव्हती. रविवारी दुपारी एकला पाच जणांचं टेबल लावते म्हणाली.

रविवारी उणेअठरा साडेअकरालाच हजर. पापाची फेड म्हणून त्यानं फुकटात तो फ्रीज खोलला, साफ केला, आणि असा काही जुळवला की आत हात घातला तर कळ यावी. बाराच्या सुमारास मालकीण पावाच्या भट्टीवर गेली. ओट्यावर दोन मोठी ताटं मांडून गेली होती. मांसाचे काप, चीज, ऑलिव्ह, तेलात न्हालेल्या मिरच्या, आणि आटिचोक, हातानं सोललेले, डब्यातले नव्हेत. सगळं उघड्यावर. उणेअठरानं थर्मामीटर खुपसलं. तेवीस.

तेवीस! पोटचं मूल तापानं फणफणलेलं बघावं तसा तो कळवळला. लेकीच्या लग्नाचा प्रश्न आणि ताट तेवीसवर. इकडे तिकडे पाहिलं, दोन्ही ताटं उचलली आणि त्या नव्यानं जुळवलेल्या फ्रीजमध्ये, अगदी मागच्या थंडगार फळीवर ठेवून दिली. मग हात पुसून, पुण्य केल्याच्या चेहऱ्यानं बाहेर जाऊन बसला.

एक वाजता मंडळी आली. वाढायला ठेवलेल्या पोरीनं ताटं फ्रीजमध्ये सापडली म्हणून तिथून काढून आणली. मिरच्यांवरचं तेल पांढरं थिजलेलं, मेणबत्ती वितळून गोठल्यासारखं. चीज साबणासारखं. मावशीनं एक काप उचलला, तो वाकला नाही. तोंडात घातला, चावला, काटा खाली ठेवला.

“चवच नाही,” ती म्हणाली. “या बाईला कुणी शिकवलं नाही वाटतं, हे थंड करत नसतात म्हणून.”

त्याच वेळी मालकीण पावाची टोपली घेऊन आत आली. ताटं पाहिली आणि थबकली. तिला काही समजेना.

आता बघा. गप्प बसणं किती सोपं होतं. मुलीनं गप्प बसायलाच तर सांगितलं होतं. बारा वर्षं या बाईच्या नावावर काय काय खपवलं, त्यात आणखी एक. मुलगी समोर बसून बापाच्या तोंडाकडे बघत होती. उणेअठरानं खिशातलं थर्मामीटर काढून टेबलावर ठेवलं, जसं शिपाई बंदूक ठेवतो.

“यांचा दोष नाही,” तो म्हणाला. “ताटं मी फ्रीजमध्ये ठेवली. यांना न विचारता. आणि यांच्याकडे फ्रीज नाही असं बारा वर्षं सांगत फिरलो, तेही खोटं.”

मुलीनं डोळे मिटले. होणारा जावई मिठाच्या डबीची उंची मनातल्या मनात मोजू लागला. मालकिणीनं तर सरळ ताटं उचलली, खिडकीतल्या उन्हात नेऊन ठेवली आणि सांगितलं की अर्धा तास कुणी हात लावायचा नाही.

अर्धा तास काय करायचं? शेवटी मावशीच उणेअठराकडे वळून म्हणाली, बाकीच्या हॉटेलांत असं काय होतं की तुम्हाला इथे यावं लागलं? त्यानं मुलीकडे पाहिलं. लग्न तर हातचं गेलंच होतं. सांगितलं. संगमरवरी जिना सांगितला, विकतची आजी सांगितली, मिरचीची बारशी सांगितली, आणि एकतीस ठिकाणचा तो पिवळा डबा, निळ्या बोटीचा.

मावशीनं हात वर केला. “पाच किलोचा? वर होडी?”

“तोच.”

मावशी हसायला लागली. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग टेबल हलेपर्यंत. डोळे पुसत म्हणाली, “अहो, बावीस वर्षं मी तोच डबा फोडत होते. म्हातारी दर रविवारी पाहुण्यांना सांगायची, आटिचोक मी स्वतः सोलले. मला रिकामा डबा अंधार पडल्यावर शेजाऱ्यांच्या कचऱ्यात टाकायला पाठवायची.”

अर्ध्या तासानं तेल पुन्हा सोनेरी झालं, चीज मऊ पडलं, काप काट्यावरून ओघळू लागले. मावशीनं मिरची खाल्ली, मग आटिचोक, मग पुन्हा आटिचोक. मालकीण हाताची घडी घालून उभी होती.

“खरं नाही हे,” मावशीनं निकाल दिला. “खरं डब्यातलं असतं. हे त्याहून चांगलं आहे.” आणि पाव तेलात बुडवून तिनं उणेअठराला हुकूम सोडला की त्या विकतच्या आजीचं पुन्हा एकदा सांगा, सावकाश.

मुलगी बापाकडे बघत होती. ती म्हणाली, “बाबा, मंगळवारी अकरा वाजता नोंदणी कचेरी. साक्षीदार म्हणून या.” मग आईकडे बघत पुढे म्हणाली, “फक्त टॉर्च दातात धरून या.”

यावर उणेअठराला काही म्हणायचं होतं. पुष्कळ म्हणायचं होतं. एक तर ऑलिव्ह अजून एकोणीसवर होते. त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोनं एक ऑलिव्ह त्यात सारला आणि दुसरा स्वतः खाल्ला. सावकाश, चघळून, वार कुठला ते न विचारता.