दुःखी मातेची तलवार

चीन युद्धानंतरच्या उन्हाळ्यातली ती चोरी मी विसरलेलो नाही. तेव्हा मी बेंगळुरूच्या दंडू भागात, म्हणजे लष्करी छावणीकडच्या वस्तीत, सबइन्स्पेक्टर होतो. गुड फ्रायडेच्या आठवड्यात एका चर्चचे फादर ठाण्यावर आले. त्यांच्या चर्चमध्ये दुःखी मातेची, म्हणजे येशूच्या आईची, लाकडी मूर्ती होती. गालांवर रंगवलेले अश्रू, छातीत खुपसलेली वीतभर चांदीची तलवार. मुलाला क्रुसावर मरताना पाहून आईच्या काळजाला पडलेला तो घाव. मूर्तीची साडी बदलताना तलवार काढून कपाटात ठेवत आणि शुक्रवारच्या मिरवणुकीआधी पुन्हा बसवत. यंदा कपाट रिकामे निघाले.

साडी नेसवणारी विधवा शिवणकाम करी. सगळे तिला अक्का म्हणत. तलवार कपाटात ठेवली, असे तिने सांगितले. किल्ली राखणदाराकडे होती. तो सराफाच्या दुकानात दिसल्याची खबर मिळाली आणि आम्ही त्याला उचलले.

"बायकोचं पैंजण सांधायला गेलो होतो," एवढेच तो सांगत राहिला.

"सरी, बरं, पैंजण सांधलं," हवालदार म्हणाला, "मग तलवार काय मुंग्यांनी नेली?"

गुन्हा शाबीत झाला तर त्याची नोकरी जाणार होती आणि आवारातली खोलीही. त्याची बायको ठाण्याच्या पायरीवरून हलेना.

सराफाच्या जबाबात काही निघाले नाही. मी पुन्हा चर्चमध्ये गेलो. मूर्तीच्या अंगावर नवी जांभळी साडी होती. फादरांनी जुनी दाखवली. तिला छातीपाशी तलवारीपुरती चीर होती, कडा बारीक टाक्यांनी दुमडलेल्या. नव्या साडीला चीर नव्हती. तलवार परत बसणार नाही, हे नेसवणारीला आधीच ठाऊक होते.

अक्काच्या घरी मी आवाज चढवला नाही. "अक्का, त्याची बायको पायरीवर बसून आहे. पाणीसुद्धा घेत नाही."

ती उठली. ट्रंकेत मुलाच्या कपड्यांखाली तलवार होती. मुलगा सैन्यात होता. सीमेवर बेपत्ता झाल्याचे कळून काही महिने झाले होते.

"विकायची नव्हती, साहेब. रोज मातेसमोर बसते. तिच्या छातीतलं तरी काढता येत होतं."

राखणदाराला मी त्याच दुपारी सोडले. फादरांनी वस्तू मिळाल्याचे लिहून दिले आणि अक्काविरुद्ध तक्रार करायला नकार दिला. शुक्रवारी सकाळी ते तिला एवढेच म्हणाले, "तू नको म्हणालीस, तर यंदा माता तलवारीवाचून निघेल."

चांदीला गिऱ्हाईक कोण, हे आम्ही शहरभर विचारत फिरलो होतो. त्या मूर्तीसमोर रोज कोण बसते, हे कोणीच विचारले नव्हते. पुढे कुठल्याही देवळातल्या वा चर्चमधल्या चोरीत मी हा प्रश्न आधी विचारू लागलो.

त्या शुक्रवारी अक्काने कात्री मागून घेतली, साडीला चीर दिली, आणि रेशमाचे धागे सुटू नयेत म्हणून कडा शिवत बसली. मिरवणूक तिच्यासाठी थांबली.